वामनवरून भांडण

४ मार्च, मंगळवार

वामन! सासऱ्यांनी आज जेवताना जाहीरच करून टाकलं. विचारलं नाही, सुचवलं नाही. "पोराचं नाव वामन" म्हणाले आणि पुढचा घास घेतला. नवऱ्याचा हात ताटावर तसाच थांबला. सासूबाई पाणी आणायला उठल्या, तांब्या भरलेला असूनही.

नवरा म्हणाला, "बाबा, गंमत करताय ना?"

"गंमत कसली? माझ्या वडिलांचं नाव आहे ते."

पोरगं दहा दिवसांचं. अजून धड डोळे उघडून बघत नाही, आणि त्याच्यावरून घरात दोन तट पडले. संध्याकाळी आईला फोन केला तर तिसरा तट. आईने तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, तिचा आवाज इंजिनाच्या वरून जायचा. "वामन? म्हणजे बुटका? अगं, जावई आधीच... जाऊ दे, मी काही बोलत नाही." ती असं म्हणाली की पुढची वीस मिनिटं बोलते. आजही बोलली.

मला काय वाटतं? काहीच नाही, खरंच! फक्त कुतूहल वाटलं. तीन अक्षरं ती काय, आणि एवढी माणसं पेटली कशी?

जन्माच्या नोंदीचा फॉर्म कपाटावर पडलाय. बाळाचं नाव — रकाना कोरा. महिनाअखेर भरून द्यायचा आहे.


५ मार्च, बुधवार

ही वही कुणी उघडत नाही, म्हणून इथेच लिहिते.

बाळ जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी कानाच्या तपासणीत पास झालं नाही. दोन्ही कान. कानात मऊ रबरी टोक बसवतात, बारीक टिकटिक सोडतात, कान चांगला असेल तर आतून उलटा आवाज येतो आणि मशीन हिरवा दिवा दाखवतं. आला नाही. तपासणाऱ्या मुलीने मला ओळखलं. ओळखणारच — मी सात वर्षं हेच काम करते. ती गडबडून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माहितीच आहे, पहिल्या दिवसांत कानात पाणी असतं." हो, माहीत आहे. हे वाक्य मी दर आठवड्याला चार-पाच आयांना ऐकवते. बहुतेक वेळा खरंच पाणी असतं.

तीन-चार आठवड्यांनी मोठी तपासणी. २० तारीख घेतली आहे, आमच्याच केंद्रात. कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला पण नाही. तो तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभा होता, वर आला तोवर मी कागद पिशवीत टाकला होता. का टाकला? माहीत नाही. इतर बायकांनी असं केलं की मी किती रागावते!


६ मार्च, गुरुवार

आईने नाव पाठवलं — रेयांश. अर्थ काय म्हणून विचारलं. "अर्थ कशाला हवा, ऐकायला कसं छान वाटतं बघ!"

ऐकायला.


८ मार्च, शनिवार

नणंदेचा फोन. ती शाळेत पहिलीला शिकवते. तिचं मत वेगळंच निघालं. विहान ठेवा म्हणे. मग लगेच स्वतःच म्हणाली, "नको पण! माझ्या वर्गात चार विहान आहेत. लांब विहान, गोरा विहान, चष्म्याचा विहान आणि रडका विहान. तुझा पाचवा व्हायचा." मी विचारलं, वामन किती? "एक पण नाही. माझ्या आधीच्या बाईंच्या वेळेपासून नसेल आला." मग म्हणाली, "पण दादा ऐकायचा नाही हं. त्याला ते नाव चालणारच नाही." का चालणार नाही ते सांगेना. हसली फक्त.

अजून नाव ठेवलं नाही तोवर सगळे नावं ठेवायला लागले!

बाळाला सध्या कोणी काहीही म्हणतं. सासूबाई ढब्बू म्हणतात, नवरा साहेब म्हणतो. मी काहीच म्हणत नाही, गुणगुणते. गुणगुणताना त्याला छातीवर घेते — आवाज हाडांतून तरी जाईल.


९ मार्च, रविवार

हे वामन होते तरी कोण, ते विचारायला मागच्या खोलीत गेले. सासरे निवृत्त शिंपी, म्हणजे दुकान बंद केलं पण मशीन घरी आणून ठेवलं. गल्लीतले लोक अजून पँट आखूड करायला येतात. मी गेले तेव्हा तोंडात टाचण्या धरून एका कोटाला अस्तर लावत होते. टाचण्या धरून ते बोलतात, ओठ न हलवता. मला सवय आहे समोरच्याच्या तोंडाकडे बघायची, धंद्याची खोड, आणि यांचं एक अक्षर दिसत नाही. टाचण्या काढा म्हटलं तर काढल्या.

"माझे वडील टेप लावत नसत," म्हणाले. "गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की लांबूनच माप सांगायचे. छाती अडतीस, बाही साडेतेवीस. मी टेप लावून बघायचो. तंतोतंत! एकदा एका माणसाला म्हणाले, तुमचा डावा खांदा खाली आहे, कुठे दुखतंय का? त्या माणसाला ठाऊक पण नव्हतं."

मला आवडले हे वामन. बघून ओळखणारा माणूस.

मग भिंतीवरून फोटो काढून दाखवला. मला हसूच फुटलं. फोटोतली बाकी सगळी माणसं त्यांच्या खांद्याला लागत होती! "सहा फूट दोन इंच," सासरे म्हणाले. "छाती चव्वेचाळीस. बाही सव्वीस." ही मापं त्यांना अजून पाठ.

मग माझा नवरा कुणावर गेला? "ते तुझ्या सासूला विचार," म्हणाले आणि टाचण्या परत तोंडात.


१० मार्च, सोमवार

सासूबाईंना विचारलं. पण नवऱ्याच्या उंचीचं नाही, वामनांचं. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"होते हुशार. पण बाईमाणसाने मशीनला हात लावलेला खपायचा नाही. मी शिकले ते दुपारचे झोपायचे तेव्हा. पाय हळू मारायचे, आवाज होऊ नये म्हणून. कितीतरी झबली मी शिवली आणि त्यांनी स्वतःची म्हणून विकली. त्यांना वाटायचं, आपण कालच शिवली असतील."

"मग तुम्हाला हे नाव नको असेल?"

"मला विचारतंय कोण?"

"मी विचारतेय."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मला वाटलं, गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नसावं. "नाव वाईट नाही गं," म्हणाल्या. "माणूस होता, माणसासारखा होता. नावाचा काय दोष?" मग उठून डबा आणला आणि बाळाच्या मागे जाऊन झाकण दणकन आपटलं. "बघ, कसा दचकला! कान तिखट आहेत हो ढब्बूचे."

दचकला खरा. पण झाकण त्यांनी पलंगाच्या कडेवर आपटलं होतं आणि पलंग हलला होता. आया केंद्रात येऊन मला हेच सांगतात — दार आपटलं की दचकतो, थाळी वाजवली की दचकतो. मी त्यांना शांतपणे समजावते. सासूबाईंना काही समजावलं नाही. "हो ना" म्हटलं!


१२ मार्च, बुधवार

आज एक उद्योग केला. दार लोटून आरशासमोर उभी राहिले आणि सगळी नावं एकेक करून म्हटली. आवाज न काढता.

रेयांश — तोंडावर काहीच नाही. ओठ जरा ताणले जातात, बाकी सगळा कारभार आत. विहान — सुरुवात दिसते, खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, पुढे अंधार. मग गंमत म्हणून आमच्या सगळ्यांची म्हटली. माझं स्वतःचं नाव तर अजिबात दिसत नाही! इतकी वर्षं हे काम करते, स्वतःचं नाव कधी आरशात बघितलं नव्हतं.

वामन. खालचा ओठ दातांना, मग तोंड मोठं उघडतं, मग दोन्ही ओठ मिटतात, आणि पुन्हा उघडतात. खोलीच्या त्या टोकावरून दिसेल.

दहा वेळा म्हटलं. नवरा कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. "आरशाशी काय भांडतेस?" म्हणाला. दात बघतेय म्हटलं.

ओठ वाचून सगळं कळत नसतं, अर्धंसुद्धा नाही — हेही मीच लोकांना सांगते. पण आपलं नाव तरी कळावं ना माणसाला. कोणी आपल्याला बोलावतंय एवढं तरी!

छे. पाणीच असेल कानात.


१४ मार्च, शुक्रवार

मोठं भांडण. मी जेवताना सहज बोलून गेले, "मला वामन बरं वाटायला लागलंय." सासरे असे खुलले, मला पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने वाढायला लागले. नवरा ताट सोडून उठला.

खोलीत आल्यावर म्हणाला, "तू पण?"

मी म्हटलं, एवढं काय आहे त्या नावात?

तेव्हा कळलं. शाळेत याला बुटबैंगण म्हणायचे. एका मास्तरांनी कुठल्याशा धड्यात वामनाची गोष्ट शिकवली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाव पडलं वामन. पुढची सहा वर्षं! कुणी मुद्दाम वाकून बोलायचं, कुणी वरच्या फळीवर दप्तर ठेवायचं. घरी येऊन बापाला कसं सांगणार? ते बापाच्या बापाचंच नाव. आजोबांचं नाव मला शिवी म्हणून मिळालं, म्हणाला. आज तो लिफ्ट दुरुस्त करतो. अरुंद खड्ड्यात दुसरा कुणी मावत नाही तिथे याला उतरवतात, आणि सगळे कौतुक करतात. पण वामन म्हटलं की अजून मान आखडते म्हणाला.

"मला ते पोराच्या डोक्यावर नको. तुला का हवंय ते तरी सांग."

"असंच, आवडतं," म्हटलं. इतकं खोटं उत्तर मी त्याला कधी दिलं नव्हतं.


१५ मार्च, शनिवार

तो बोलत नाही. साहेबांशी मात्र बोलतो, लंगोट बदलताना. "साहेब, तुमच्या आईचं डोकं फिरलंय."


१६ मार्च, रविवार

सासऱ्यांनी बाळाला सहा झबली शिवली. मऊ, पांढरी, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला टोचू नये. एकेक हातात घेऊन बघितलं आणि गळ्याच्या आत बघते तर काय — निळ्या दोऱ्याने वामन! सहाच्या सहांवर!

नवरा भडकला. "हा आगाऊपणा आहे बाबा. अजून ठरलं नाही."

"तुझं ठरलं नसेल. माझं ठरलंय."

"पोरगं माझं आहे!"

"आणि तू कुणाचा आहेस?"

मग आईचा फोन, मग नणंदेचा फोन. नणंद म्हणाली, मतदान घ्या. आई म्हणाली, मतदान घ्यायचं तर माझी दोन मतं, मी दोन माणसांएवढी बोलते. सासूबाई म्हणाल्या, माझं मत मी सांगणार नाही, पेटीत टाकीन. घरात इतका गोंधळ की शेजारीण बेल वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना?

आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात ते पोर गाढ झोपलेलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणं बाई! कशानेच उठत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.


१८ मार्च, मंगळवार

सांगितलं त्याला. परवा तपासणीला कुणाला तरी सोबत नेणं भाग होतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे सहन होईना.

तो लिफ्टच्या तेलाचे हात धूत होता. सगळं सांगितलं — पहिली तपासणी, पिशवीतला कागद, आरसा, ओठ. त्याने नळ बंद केला नाही. मग हात पुसत बसला, पुसलेले हात पुन्हा पुन्हा पुसत.

"तेवीस दिवस तू एकटीने..." एवढंच म्हणाला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

मग म्हणाला, "म्हणजे कुणी बुटबैंगण म्हटलं तरी त्याला ऐकू येणार नाही." आणि हसला. आणि मग असा रडला की मीच त्याला धरून बसले.

बुटबैंगण ओठांवर फार स्पष्ट दिसतं. ते मी त्याला सांगितलं नाही.


१९ मार्च, बुधवार

उद्या. तो सारखा म्हणतोय, पाणी असेल गं. आता हे वाक्य ऐकायच्या बाजूला मी आहे. ऐकायला बरं वाटतं. उगाच नाही त्या बायका पुन्हा पुन्हा विचारत.


२० मार्च, गुरुवार

केंद्रात सुट्टीनंतर पहिल्यांदा गेले. खिडकीतल्या बाईंनी पेढे कुठे म्हणून विचारलं. मग हातातली फाइल बघितली आणि शिक्का मारायला घेतला.

बाळ पोटभर पाजून झोपवायचं, मगच तपासणी. तासभर झोपेना. एरवी मी या आयांना मनातल्या मनात किती घाई करायचे! झोपल्यावर मॅडमनी कपाळाला आणि दोन्ही कानांमागे तारा चिकटवल्या. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ, त्यांनीच मला हे काम शिकवलं. म्हणाल्या, "तू आज आई आहेस. पडद्याकडे बघायचं नाही." मग मी बाळाच्या नखांकडे बघत बसले. नखं वाढलीत, कापायला हवीत. अंगठ्याचं जरा वाकडं आहे. कानात आवाज सोडत होते ते मला बाहेरून बारीक टिकटिक असे ऐकू येत होते. मग जरा मोठे. मग आणखी मोठे. इतके मोठे की मला नीट मोजता येत होते. बाळ झोपलेलंच.

आमच्याकडे एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही. बातमी चांगली असली की आम्ही टेबलापलीकडे बसूनच सांगतो, हसत. वाईट असली की उठतो, खुर्ची उचलतो आणि आईच्या शेजारी आणून ठेवतो. मॅडम उठल्या. खुर्ची उचलली.

नवऱ्याला ही रीत माहीत नव्हती. तो अजून आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ते चार-पाच सेकंद मी त्याच्याकडे बघत होते.

दोन्ही कान. अगदी मोठ्या आवाजालाही काही नाही. पुढचं सगळं मला पाठ आहे — तिसऱ्या महिन्यात कानाला मशीन, मग सराव, वर्षाचा झाला की ऑपरेशनचं बघायचं. मॅडम सांगत होत्या आणि मी मान डोलावत होते. एक शब्द डोक्यात शिरला नाही. म्हणून तर आम्ही लिहून देतो!


२१ मार्च, शुक्रवार

घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी बाळाला उचललं आणि देवघराकडे नाही, खिडकीकडे गेल्या. तिथे उभं राहून त्याला रस्ता दाखवत राहिल्या. सासरे म्हणाले, "माझं वय झालंय म्हणून मला कमी ऐकू येतं, ते ठीक आहे. याला का?" माझ्याकडे या प्रश्नाचं चार पानी उत्तर असतं.

नणंद फोनवर रडली. आईला सांगितलं तेव्हा पलीकडून आवाजच येईना. ऐकू येतंय का म्हणून मी दोनदा विचारलं. आई आणि गप्प! शेवटी म्हणाली, "बरं. काळजी घे. नावाचं तुझं तुला कळतं. ठेव काय ठेवायचं ते."

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, फॉर्म भरायला हवा. तो म्हणाला, "भर ना. वामन भर. काय फरक पडतो आता?"

मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल.


२२ मार्च, शनिवार

आज बाळ महिन्याचं झालं.

सकाळी मागच्या खोलीत गेले तर सासरे झबल्यांवरचं नाव उसवत होते. एकेक निळा टाका ब्लेडच्या टोकाने उचलून. तीन झाली होती, तीन बाकी.

"बाबा, हे काय?"

"तुम्हाला आवडेल ते ठेवा पोरी. विहान म्हणा, ते दुसरं काय ते म्हणा. मी उगाच हट्ट धरून बसलो." टाका काढला. "हाक मारली तर ओ तरी द्यायला हवी ना. ज्याला ऐकूच येणार नाही त्याच्यावर कशाला माझ्या बापाचं नाव?"

वाईट बोलले नाहीत ते. अगदी मायेने बोलले. म्हणून तर जास्त लागलं! मी उरलेली तीन झबली उचलून आणली. कपाटात माझ्या साड्यांखाली आहेत.

परवापर्यंत या नावावरून शेजारी बेल वाजवत होते. आज वामन चालतं, विहान चालतं, रेयांश चालतं, काहीही चालतं. सगळ्यांनी मला मोकळं सोडलंय. "तुझ्या मनाला येईल ते." "तुला बरं वाटेल ते." नवरा, सासरे, नणंद — सगळे किती समजूतदार! मला सगळ्यांचा राग आलाय. पोरगं पाळण्यात हात-पाय झाडतंय, दिव्याकडे बघून डोळे बारीक करतंय, भूक लागली की घर डोक्यावर घेतंय. आणि यांनी त्याचं नाव सोडून दिलं, त्याच्या नावाला कुणी विचारणारच नाही अशा थाटात.

केंद्रात मी हे कधी बघितलं नव्हतं. ते लोक बातमी ऐकून दारातून बाहेर जायचे, आणि पुढच्या वेळी येईपर्यंत घरी काय झालं ते मला कुठे माहीत?

फॉर्म समोर घेतला. पेनचं टोपण काढलं. लिहिता आलं नाही.


२३ मार्च, रविवार

सकाळी सातला आईचा फोन. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"परवा मी काय म्हणाले ते विसर. दोन दिवस विचार केला मी. कानाचं कळलं, कानाचं बघू, मशीन लावू, मी येऊन राहते, शिकायचं ते सगळं मी पण शिकते. पण वामन? मुळीच नाही! उद्या शाळेत जाईल तो. पोरं काय ऐकवणार नाहीत, पाटीवर लिहून दाखवतील मेली! माझ्या नातवाला बुटका म्हणवून घ्यायचं का मी?"

"आई, त्याचे पणजोबा सहा फूट दोन इंच होते!"

"असतील. मी बघायला गेले नव्हते."

मी ओरडले. ती ओरडली. नवरा धावत आला, काय झालं म्हणून. मी फोन स्पीकरवर टाकला. अर्धा मिनिट ऐकून म्हणाला, "आई बरोबर बोलताहेत." आतून सासऱ्यांचा आवाज — "कोण बरोबर बोलतंय? काय बरोबर बोलतंय?" — आणि ते हातातली कात्री घेऊनच बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, थांबा, मला पण बोलायचंय.

मी रडतेय का भांडतेय, कुणाला कळेना. बाळाला मांडीवर घेतलं, तोंड त्याच्यासमोर धरलं आणि मोठ्याने म्हटलं — वामन. त्याने ओठांकडे बघितलं. सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले.

वामनच ठेवणार. पण भांडून ठेवणार.